ओहोटीच्या वेळा पाहून: डहाणू, वाढवण, वरोर

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ, समुद्रात भराव टाकून होणाऱ्या वाढवण बंदराच्या बातम्या मी कित्येक वर्षं वाचते आहे. मच्छीमारांचे मोर्चे, कोर्टाच्या तारखा, मग ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झालेलं भूमिपूजन. एवढं वाचूनही तो किनारा मी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि ठाण्यात राहून न पाहणं मला पटेना. भाची प्राणीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जीव बघायचे होते, मला ती जागा समोर भराव पडायच्या आधी बघायची होती. म्हणून कॅलेंडर काढलं, माघातली अमावस्या कधी ते पाहिलं आणि तिला लागून येणारा शुक्रवार ते रविवार धरला. उधाणाच्या दिवसांत समुद्र सगळ्यात लांब मागे सरतो. भांगाच्या दिवसांत गेलात तर निम्मा खडक पाण्याखालीच राहतो आणि काही दिसत नाही.

शुक्रवार: डहाणू

विरारहून डहाणू लोकल पकडली. वैतरणेचे पूल गेले की मुंबई मागे पडते. मिठागरं, ताडाची झाडं, वाणगावच्या पुढे चिकूच्या वाड्या. आमचा मुक्काम अशाच एका वाडीत होता. मालक इराणी गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे, गुजराती हेल असलेलं खणखणीत मराठी बोलणारे. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात चिकूंची प्रतवारी चालली होती. वारली बायका जमिनीवर बसून एकेक फळ हातात फिरवत होत्या, अंगठ्याने त्यावरची भुकटी पुसत होत्या आणि न बघता बरोबर त्या क्रेटमध्ये टाकत होत्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण काकांना चिंता फळाची होती, मानांकनाची नव्हती. चिकूला दमट, स्वच्छ हवा लागते आणि त्याची कळी नाजूक असते असं ते सांगत होते.

दुपारी कासवांच्या उपचार केंद्रात गेलो. डहाणूत वनखातं आणि स्थानिक प्राणिमित्र मिळून जखमी समुद्री कासवांवर उपचार करतात. हे प्रेक्षणीय स्थळ नाही, त्यामुळे आधी फोन करून, परवानगी घेऊनच जावं आणि टाक्यांजवळ आवाज करू नये. पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, या किनाऱ्यावर कासवं वाहून येतात. बहुतेक ऑलिव्ह रिडले, मधूनमधून ग्रीन टर्टल. कुणाच्या मानेत नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा रुतलेला असतो, कुणाचा पर (वल्ह्यासारखा पाय) तुटलेला असतो.

आम्ही पाहिलेल्या रिडलेला पुढचा उजवा पर खांद्यापासून नव्हता. तीन परांवर पोहताना ती एका बाजूला कलायची, मग मागच्या पराने स्वतःला सरळ करून घ्यायची. श्वास घ्यायला वर आली तेव्हा मी हातभर अंतरावर होते. नाकपुड्या उघडल्या, फुस्स करून हवा बाहेर पडली, पुन्हा मिटल्या आणि ती खाली गेली. भाची म्हणाली, "आत्या, हिला समुद्रात परत सोडता येईल?" तिथल्या मुलाने लगेच हो म्हटलं नाही. तळाशी जाऊन स्वतःचं खाणं शोधू शकते का, हे आधी बघावं लागतं असं तो म्हणाला.

त्याच्याकडून एक चांगली गोष्ट कळली. कासव दिसल्याचा फोन बहुतेक वेळा मच्छीमारांकडूनच येतो. २०१८ च्या अखेरीपासून राज्याची एक योजना आहे: जाळ्यात अडकलेलं कासव, देवमासा किंवा दुसरा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर त्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो लागतो आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष व मत्स्यव्यवसाय विभाग मिळून प्रकरण मंजूर करतात. किनाऱ्यावर कुणी नातेवाईक, ओळखीचे असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

रात्री जेवणानंतर काका व्हरांड्यात बसले आणि डहाणूची गोष्ट सांगू लागले. मी ती तुकड्यातुकड्यांत वाचली होती, सलग कधी ऐकली नव्हती. इथे औष्णिक वीजकेंद्र यायचं ठरलं तेव्हा डहाणूतल्या काही लोकांनी आक्षेप घेतला. त्यात नर्गिस इराणी या बाई पुढे होत्या. वीजकेंद्र झालंच, ५०० मेगावॉटचं. पण २० जून १९९१ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. तालुक्यातल्या उद्योगांना मिळून ५०० एकरांपेक्षा जास्त जागा द्यायची नाही, प्रदूषणकारी उद्योग आणायचे नाहीत. कागदावरच्या या गोष्टी अमलात येईनात, तेव्हा पर्यावरण पत्रकार बिट्टू सहगल यांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. १९९६ साली न्यायालयाने सांगितलं की यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते नेमलं गेलं आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले.

धर्माधिकारी साहेबांचं नाव काका आदराने घेत होते. दोन वर्षांत, १९९८ ला, वाढवणचं बंदर पहिल्यांदा त्यांच्यापुढे आलं. एका परदेशी कंपनीला ते बांधायचं होतं. प्राधिकरणाने सुनावण्या घेतल्या आणि हे बंदर डहाणूच्या अधिसूचनेत बसत नाही असा स्वच्छ निर्णय दिला. वीजकेंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली तीही याच प्राधिकरणाने. जानेवारी २०१९ मध्ये न्यायमूर्ती गेले.

"तेव्हा गावात पेढे वाटले होते," काका १९९८ बद्दल म्हणाले. "आमाला वाटला, संपला ते. पण असा संपत नाय."

शनिवार: वाढवण

पहाटे रिक्षा ठरवून ठेवली होती. डहाणूची खाडी ओलांडताना उजेड फुटत होता. कांदळवनाच्या कडेला बगळे एका ओळीत उभे आणि त्यांच्या मागे वीजकेंद्राची उंच चिमणी. पुढे धाकटी डहाणू, गुंगवाडा अशी गावं लागतात आणि मग वाढवण. जवळचं स्टेशन वाणगाव. एसटीने यायचं तर चिंचणीमार्गे येता येतं, पण सकाळच्या ओहोटीला वेळेवर पोचायचं असेल तर आदल्या दिवशीच वाहन ठरवा.

गावात शिरताना भिंतींवर मोठ्या अक्षरांत तीच घोषणा दिसते: "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द". काही ठिकाणी रंग उडालाय, काही ठिकाणी त्यावरच नवा हात मारलाय.

किनारा म्हटलं की आपल्याला वाळू आठवते. वाढवणला वाळू थोडी आणि खडक फार. पाणी मागे गेलं तेव्हा समोर काळा, खडबडीत खडक लांबवर पसरला होता, त्यात ठिकठिकाणी डबकी आणि डबक्यांत आभाळ. आम्ही उतरलो तेव्हा बायका आधीच कामाला लागल्या होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, कमरेला डबा, हातात टोकदार लोखंडी हत्यार. त्या कालवं काढत होत्या.

मी एका मावशींच्या शेजारी बसले. त्यांनी "बस गं, पण पाय सांभाळ" एवढंच म्हटलं आणि हात थांबवला नाही. कालव खडकाला इतकं चिकटलेलं असतं की नवख्याला खडक कुठला आणि शिंपला कुठला ते कळत नाही. त्या बरोबर सांध्यावर एक टोला मारायच्या, वरचं झाकण निघायचं, आतला राखाडी ओला गोळा टोकाने उचलून डब्यातल्या समुद्राच्या पाण्यात. एका कालवाला तीन-चार सेकंद. बोटांवर जुन्या-नव्या चिरांच्या रेघा. खालची शिंपली खडकावर तशीच ठेवतात, त्यावरच पुढचं पिल्लू बसतं. एका जागी सलग काढत नाहीत, एक पट्टा काढला की पुढच्या उधाणापर्यंत तो सोडून द्यायचा. हे त्यांनी मला नियम म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं, "तिकडची का नाही काढत, तिथे तर भरपूर दिसतायत?" तेव्हा त्या म्हणाल्या, "ती लहान हायत अजून."

त्यांच्याकडे बोट नाही, जाळं नाही. हा डबा विकून घरचं मीठमिरची, नातवाच्या वह्या. बंदराचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. "बोटवाल्यांची यादी करतील. माझं नाव कोणत्या यादीत घालतील ते सांग ना ताई तू, तू शिकलेली आहेस." माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातबारा जमिनीचा असतो. या खडकाचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर राबणाऱ्या बायांच्या नावावर तर नाहीच.

भाची तोवर डबक्यांत हरवली होती. "आत्या, इकडे ये, पण हळू, सावली पाडू नकोस." डबकं परातीएवढं. कडेला खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नकल्सचे पांढरे सुळके. पाणी असेपर्यंत त्यांच्या तोंडातून पिसासारखे बारीक पाय बाहेर येत होते, पाणी चाळून आत जात होते, पुन्हा बाहेर. शेजारी झोअँथिड या समुद्रफुलासारख्या जीवांची वसाहत, हिरवट तपकिरी, शेकडो तोंडं एकमेकांना चिकटून. तिने बोट न लावता नुसता हात वर धरला आणि सावली पडलेला भाग मिटला. समुद्रफुलं होती, शंखात घर केलेले खेकडे होते, स्पंजाचे नारिंगी थर होते, एका खोबणीत ताऱ्याच्या आकाराच्या ब्रिटल स्टारचे बारीक हात वळवळत होते. कडेच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. एका सपाट दगडावर तिला पिवळसर, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला वाटोळा डाग सापडला आणि ती जवळजवळ ओरडलीच. ते प्रवाळ होतं, जिवंत. भारतातली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे.

तिच्याकडून मला जे कळलं ते इथे लिहिते, कारण बंदराच्या चर्चेत ते फार कमी येतं. सरकार म्हणतं, बंदर गावाच्या जमिनीवर नाही, समुद्रात भराव टाकून होणार आहे. ते खरं आहे. १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत, प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल. भरावाची वाळू दमणजवळच्या समुद्रातून काढायची. मग खडकाला काय होणार, असं वाटेल. पण खडकाला चिकटून राहणारे बहुतेक जीव पाण्यातूनच आपलं खाणं मिळवतात. कालव, बार्नकल, स्पंज, प्रवाळ, सगळे. भराव टाकताना, गाळ उपसताना पाण्यात जी माती उठते ती प्रवाहाबरोबर येऊन यांच्यावर बसते. प्रवाळातल्या इवल्या जीवांच्या (पॉलिपच्या) वाट्यांत गाळ साचला की ते स्वतःला साफ करण्यातच दमतं, वर उजेडही कमी होतो. कालवाच्या पिल्लाला बसायला स्वच्छ कठीण जागा लागते, गाळाच्या थरावर ते बसत नाही. आणि भिंतीमुळे लाटांची दिशा बदलली की कुठे वाळू साचणार, कुठे किनारा खचणार, हे ठरवणं आपल्या हातात राहत नाही. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजीअलीची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली होती. तसं एखादं प्रवाळ उचलता येईलही. हा अख्खा खडक कुठे उचलून नेणार?

पाणी परतू लागल्यावर वर आलो. शंखोदर लांबून पाहिलं. समुद्रातल्या खडकावरचं हे तीर्थ भरतीत पाण्याने वेढलं जातं. रामाने इथे वडिलांचं श्राद्ध केलं अशी गावाची श्रद्धा आहे. नुकतीच महाशिवरात्र होऊन गेली होती, त्यामुळे वाटेवर झेंडूची फुलं अडकलेली दिसली.

एका घरी जेवायचं आधीच सांगितलं होतं. कालवांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, भाजलेला सुका बोंबील आणि कांदा. कालवणात नारळ बेताचा, कोकम जास्त, वर लसणाची फोडणी. कालवं शेवटी घालायची आणि एक उकळी आली की उतरवायचं, नाहीतर ती चिवट होतात, असं काकींनी सांगितलं. भाचीने सकाळी जे जीव खडकावर पाहिले तेच ताटात आल्यावर ती क्षणभर थांबली, मग दोनदा वाढून घेतलं.

जेवताना तात्यांशी बोलणं झालं. चाळीस वर्षं समुद्रावर गेलेले, आता गुडघ्यामुळे घरी. त्यांच्या मते वाढवणपुढचा समुद्र म्हणजे माशांचा पाळणा. इथल्या खडकाळ तळात शेवंड (लॉब्स्टर) मिळते, घोळ अंडी घालायला येते, पापलेटची पिल्लं वाढतात. मच्छीमार या पट्ट्याला 'गोल्डन बेल्ट' म्हणतात. पापलेटला राज्याने २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर केलं, ते तात्यांना ठाऊक होतं. "मासा राज्याचा, आणि त्याची पाळण्याची जागा?" असं ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

२०२० मध्ये काय झालं ते त्यांनी बारकाईने सांगितलं. डहाणूच्या अधिसूचनेत प्रदूषणकारी उद्योगांना बंदी आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना उद्योगांच्या वर्गवारीतून बाजूला काढलं, म्हणजे ती बंदी बंदराला लागू होईना, आणि जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं पत्र निघालं. १९९८ ला ज्या दारावर कुलूप होतं ते दारच असं हलवलं गेलं. ३१ जुलै २०२३ ला प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली, फेब्रुवारी २०२४ ला पर्यावरण मंजुरी, एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली. विरोधकांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं. चौथी-पाचवी शिकलेला हा माणूस तारखा घडाघडा सांगत होता. त्याच्या घरात देवाच्या फोटोखाली कोर्टाच्या कागदांची फाइल आहे.

त्यांचा पुतण्या मध्येच आला. आयटीआयला आहे. तो म्हणाला, "काका बोलतात ते बरोबर. पण मासे आत्ताच कमी झालेत, डिझेल परवडत नाही. बंदरात नोकरी लागली तर मी करीन." बारा लाख रोजगार होतील असं सरकार सांगतं, त्यातला एक आपल्याला मिळावा असं त्याला वाटतं. तात्या त्याच्यावर रागावले नाहीत. मला त्या पोराचं म्हणणं खोटं वाटत नाही. मासे कमी झालेत हे खरंच आहे, आणि त्याची कारणं पर्ससीनची मोठी घेरजाळी, मासे ओढून घेणारे एलईडी दिवे, बारीक आसाची जाळी अशी आहेत, ज्यावर कारवाई करणं सरकारच्या हातात होतं आणि आहे. समुद्र ओसाड होऊ द्यायचा आणि मग ओसाड समुद्राला पर्याय म्हणून बंदर दाखवायचं, हे मला मान्य नाही. मासेमारी नीट चालली असती तर त्या पोराने आज काय निवडलं असतं, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नाही.

खडकावर जाणाऱ्यांसाठी थोडं: ओहोटीच्या सर्वांत कमी पाण्याच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की मागे वळा. डहाणूकडे भरतीचा फरक मुंबईपेक्षाही मोठा असतो आणि पाणी मागून डबक्यांतून शिरतं, त्यामुळे फक्त समोर बघून चालत नाही. पट्टा असलेले, टाच न घसरणारे बूट घाला, चपला नकोत. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा, कारण खालचे जीव उन्हात मरतात. शंखशिंपले गोळा करून आणू नका, रिकामा शंख एखाद्या खेकड्याचं पुढचं घर असतं. आणि कालवं काढणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. इथे येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे गाव आधी सर्वेवाला म्हणून बघतं, तेव्हा आपण कोण, कशाला आलो, हे आधी सांगून टाकावं.

रविवार: वरोर, धाकटी डहाणू आणि परत

सकाळी वरोर. इथे आणि आसपासच्या गावांत दागिन्यांचे साचे म्हणजे डाय बनवायचा घरगुती धंदा आहे. ओटीवर बसून माणसं पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीने नक्षी कोरतात, त्या साच्यातून मग सोन्याचांदीचे दागिने उठतात. एकाच घरात एक भाऊ समुद्रावर आणि दुसरा छिन्नीवर. म्हणजे या पट्ट्यात रोजगार नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा वरोरच्या गल्लीतून चालत जावं.

किनाऱ्यावर पक्ष्यांसाठी तासभर बसलो. हिवाळी पाहुणे अजून परतले नव्हते. चिखल्यांचा थवा ओल्या वाळूवर पळत होता, पाण्याच्या रेषेवर कुरव, खडकावर काळसर समुद्री बगळा मान आखडून एकटाच. चिखल्या आणि तुतवार हे हजारो किलोमीटरवरून येतात आणि परत जायच्या आधी याच ओहोटीच्या पट्ट्यात पोट भरून घेतात. त्यांना इथे पुरेसं खायला मिळालं नाही तर पुढचा पल्ला जमत नाही.

धाकटी डहाणूला बोंबील सुकत होते. बांबूंच्या वलांडीवर दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगतात, खालून-वरून वारा खेळतो. बोंबील विकत घ्यायचे असतील तर वास घेऊन बघा, उग्र नसावा, आणि हाताला ओलसर लागता कामा नयेत. इथे बाजारापेक्षा निवडून मिळतात.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला उकडहंडीची पाटी दिसली आणि रिक्षा थांबवलीच. हंगाम संपत आला होता. मडक्यात वालाच्या शेंगा, कंद, रताळी, वांगी भरून, पाल्याने तोंड बंद करून, मडकं उलटं पालथं घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. मडकं उघडल्यावर पाल्याचा कडसर वास सगळ्या भाजीला लागलेला असतो. पानावर गरम वाफाळती उकडहंडी आणि सोबत हिरवी चटणी. थंडीत डहाणूकडे आलात तर हे चुकवू नका.

तिथेच चहा पिताना एक निवृत्त शिक्षक भेटले. भाचीच्या वहीतली चित्रं बघून त्यांनी चौकशी केली आणि मग चष्मा लावून पानं उलटू लागले. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात गावातले प्राणी, वनस्पती, पिकांचे वाण, त्यांचे उपयोग आणि लोकांचं ज्ञान सगळं लिहायचं. गुरुजींचं म्हणणं, शेताबांधावरचं सांगणारे पुष्कळ भेटतात, खडकावरचं सांगणाऱ्या बायकांना मात्र कुणी बोलवत नाही. "तुझी ही यादी मला दे. पण इंग्रजी नावं पुरायची नाहीत. या प्रत्येकाला आमच्या बायका काय म्हणतात, कधी मिळतो, कशासाठी वापरतात, ते विचारून आण."

भाचीने लोकलमध्ये बसल्या बसल्या वहीच्या पानांवर तीन रकाने आखले: फोटो, तारीख आणि जागा, गावातलं नाव. तिसरा रकाना जवळजवळ कोराच आहे. फाल्गुनी अमावस्येच्या उधाणाला वर्गातल्या चार जणांना घेऊन ती पुन्हा वाढवणला जाणार आहे, कालवं काढणाऱ्या मावशींना तसं सांगूनही आली आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर दोनच अटी: सकाळच्या ओहोटीच्या आधी खडकावर हजर राहायचं, आणि फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवायचं, म्हणजे नोंदवहीत जीवाचा आकार लिहिता येतो.